रेशनच्या दिवसांतली प्रेमकथा

एखादा हलकाफुलका प्रेमपट आला, की आपल्याकडे ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, महागाई, बेकारी, शेतकऱ्यांच्या आत्महत्या असं सगळं समोर दिसत असताना यांना प्रेमाच्या गोष्टी सुचतात कशा? ही सरळसरळ पळवाट आहे. दुसरी बाजू म्हणते, अहो, माणूस दिवसभर राबून दोन घटका करमणुकीला येतो. त्याला डोकं बाजूला ठेवून हसू द्या की. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण एक गोष्ट दोघांनीही मुकाट मान्य केलेली असते : प्रेमाची विनोदी गोष्ट म्हणजे वास्तवापासून लांब जाणं. भांडण फक्त तेवढी सूट द्यावी की देऊ नये, एवढ्यावरच चालतं. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. टंचाईच्या काळाबद्दल प्रेमाची विनोदी गोष्ट जे सांगू शकते, ते दुःखाच्या गोष्टीला अनेकदा सांगता येत नाही. टंचाई माणसाकडून नेमकं काय हिरावून घेते, हे कळायला ती चीज आधी त्याच्या हातात दिसावी लागते. हे हवेत बोलण्यापेक्षा एका चित्रपटाच्या आधाराने बोलतो. तो म्हणजे जाक बेकेर या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९४७ सालचा ‘आंत्वान ए आंत्वानेत’.

गोष्ट चार ओळींची आहे. आंत्वान छापखान्यात पुस्तकबांधणीच्या कामावर आहे. त्याची बायको आंत्वानेत पॅरिसच्या शाँझेलिझे या रस्त्यावरच्या ‘प्रिझुनिक’ या स्वस्त मालाच्या मोठ्या दुकानात, झटपट फोटो काढून देणाऱ्या काउंटरवर उभी असते. पॅरिसच्या उत्तरेकडच्या साध्यासुध्या वस्तीत, एका जुन्या इमारतीच्या अगदी वरच्या टोकाला त्यांचा संसार आहे. आंत्वानला साइडकार लावलेली मोटारसायकल घ्यायची आहे. मस्यू रोलाँ हा वस्तीतला किराणा दुकानदार आंत्वानेतवर डोळा ठेवून आहे. मग राष्ट्रीय लॉटरीचं ८ लाख फ्रँकचं बक्षीस लागतं, तिकीट हरवतं, आणि बऱ्याच घालमेलीनंतर सापडतं. संपलं. कथानक म्हणून सांगितलं तर कोणीही म्हणेल, यात आहे काय?

आणि साल कोणतं, तर १९४७. फ्रान्समध्ये त्या वर्षी पीक बुडालं होतं. चित्रपट सप्टेंबरात कानच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि त्याच सुमारास पावाचं रेशन माणशी दिवसाला २०० ग्रॅमवर आलं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याच्या बहुतेक काळात लोकांना मिळायचा त्याहून हा पाव कमी होता. एप्रिलच्या शेवटी रेनो मोटार कारखान्यात संप झाला, मे महिन्यात कम्युनिस्ट मंत्र्यांना सरकारातून काढलं गेलं, आणि वर्ष संपता संपता देशभर संपांची लाट उसळली. देश मुक्त होऊन तीन वर्षं झाली होती. फ्रान्समधून सुमारे ७६ हजार ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवलं गेलं होतं, आणि त्या कामात फ्रेंच पोलिसांचा हात होता. या सगळ्यातलं एक अक्षर या चित्रपटात नाही. लॉटरी आहे, मत्सर आहे, मारामारी आहे, मोटारसायकल आहे.

पळवाटीचा आरोप इथे सर्वांत भक्कम आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. हे विषय हाताळताच येत नव्हते असंही म्हणता येत नाही. आदल्याच वर्षी रेल्वे कामगारांच्या प्रतिकारलढ्यावरच्या रेने क्लेमाँच्या चित्रपटाला कानमध्ये गौरवण्यात आलं होतं. म्हणजे वाट खुली होती, प्रेक्षक होते, मानमरातबही होता. बेकेरने ती वाट घेतली नाही. तो स्वतः काही काळ जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत राहून आला होता. त्याच्याबरोबर पटकथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक, फ्रांस्वाज जिरू, १९४४ मध्ये गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांच्या हाती सापडून पॅरिसजवळच्या फ्रेनच्या तुरुंगात होती. या लोकांना काळ माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही. त्यांनी जाणूनबुजून हा विषय निवडला. मग प्रश्न उरतो तो हा, की निवडून त्यांनी त्याचं केलं काय?

पहिल्यांदा त्या किराणा दुकानदाराकडे पाहू, कारण माझ्या मते चित्रपटाचं मर्म तिथे आहे. नोएल रोकव्हेर या नटाने साकारलेला रोलाँ पन्नाशीकडे झुकलेला, नीटनेटका, स्वतःच्या गल्ल्यामागे ताठ उभा राहणारा इसम आहे. तो खलनायकासारखा दात-ओठ खात नाही. त्याला तशी गरजच नसते, कारण माल त्याच्याकडे आहे. रेशनच्या दिवसांत वाण्याच्या हातात किती सत्ता असते, हे ज्यांच्या घरात साखर-रॉकेलच्या रांगांच्या आठवणी आहेत त्यांना समजावून सांगायला नको. कोणाला माल ‘संपला’ म्हणायचं आणि कोणासाठी तो आतून काढायचा, हे तोच ठरवतो. ताब्याच्या वर्षांत लोणी, अंडी, चीज विकून गबर झालेल्या दुकानदारांबद्दल पॅरिसमध्ये विलक्षण चीड होती. बेकेर त्यावर भाषण देत नाही. तो फक्त रोलाँचं आंत्वानेतशी गोड बोलणं दाखवतो, तिच्यासाठी त्याने केलेली खास मेहेरबानी दाखवतो, आणि त्यातून या बाईसमोर पडलेला पेच : घ्यावं तर त्याला वाटेल आपला हक्क झाला, न घ्यावं तर रात्री ताटात काय वाढायचं? काळ्या बाजाराबद्दल, मालावर बसलेल्या माणसाच्या मुजोरीबद्दल याहून नेमकं विधान कोणत्या संपपटात सापडेल? ही मुजोरी फक्त खिशापर्यंत थांबत नाही, ती थेट नवराबायकोच्या मध्ये येऊन उभी राहते, हे दाखवायला मध्ये येण्याजोगं नवराबायकोचं सुख आधी पडद्यावर असावं लागतं. प्रेमकथाच ते आणून देते.

आता स्त्रियांच्या बाजूने घेतला जाणारा आक्षेप. तो मला पळवाटीच्या आरोपापेक्षाही वजनदार वाटतो. आंत्वानेत ही दोन पुरुषांच्या ओढाताणीतली चीज होऊन बसते, आंत्वानच्या मत्सराला चित्रपट लाडाने घेतो, शेवटचा निकाल दोन पुरुषांच्या मारामारीत लागतो. तिला काय हवंय हे कोण विचारतं? यातलं बरंचसं खरं आहे. आंत्वानचा संशय आज पाहताना टोचतो, आणि टोचायलाच हवा.

पण त्या वेळचं पॅरिस डोळ्यांसमोर आणा. मुक्तीनंतरच्या महिन्यांत फ्रान्समध्ये सुमारे २० हजार बायकांची भर चौकात डोकी भादरली गेली. आरोप असायचा जर्मनांशी संबंध ठेवल्याचा, आणि त्या संबंधांत कधी प्रेम होतं, कधी पोटासाठीची तडजोड, कधी नुसती शेजाऱ्यांची कुजबुज. ज्याच्याकडे अन्न आहे अशा पुरुषाशी हसून बोलणारी बाई म्हणजे संशयित, हे त्या समाजाने गावोगावच्या चौकांत ठरवून टाकलं होतं. ज्या पुरुषांनी जर्मनांना माल पुरवून पैसा केला त्यांच्यातल्या कितीजणांची डोकी भादरली गेली? अशा हवेत बेकेर आणि जिरू एक तरुण बायको पडद्यावर आणतात. ती दिसायला छान आहे, स्वतः कमावते, वस्तीतला सधन दुकानदार तिच्यावर मेहेरबान आहे, आणि नवऱ्याच्या डोक्यात किडा वळवळतो आहे. कुजबुजीला लागणारा सगळा मसाला तयार आहे. आणि चित्रपट तिला दोषी ठरवायला साफ नकार देतो. तिच्याकडे पाहिलं जातं याची शिक्षा तिला होत नाही. ताब्याच्या वर्षांबद्दल हा चित्रपट गप्प आहे असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की त्या वर्षांनी मागे ठेवलेल्या सर्वांत विषारी सवयीला तो सरळ उत्तर देतो. हे माझं वाचन आहे, दिग्दर्शकाने तसं कुठे सांगितल्याचा दाखला मी देत नाही. पण १९४७ चा प्रेक्षक वाणी आणि तरुण बाई यांना एका चौकटीत पाहून काय काय आठवत असेल, याचा विचार न करता ‘गप्प’ हा शिक्का मारणं घाईचं आहे.

याला आणखी एक बाजू आहे. फ्रेंच बायकांना मताधिकार देणारा आदेश १९४४ चा, आणि पहिलं मतदान त्यांनी केलं ते १९४५ मध्ये. बायकोने नोकरी करण्याला कायद्याने हरकत घेण्याचा नवऱ्याचा हक्क मात्र १९६५ पर्यंत शाबूत होता. म्हणजे काउंटरवर उभी राहणारी आंत्वानेत मतदार आहे, पगारदार आहे, आणि तिची नोकरी कागदोपत्री नवऱ्याच्या मर्जीवर आहे. चित्रपटात तिची नोकरी हा वादाचाही विषय होत नाही. दोघांच्या पगारावर घर चालतं, ही रोजची गोष्ट म्हणून समोर येते. गिऱ्हाइकांशी बोलण्यात, मैत्रिणींबरोबरच्या चेष्टामस्करीत, लगट करणाऱ्याला उडवून लावण्यात ती किती तरबेज आहे हे बेकेर जितक्या आवडीने दाखवतो, तितक्या आवडीने तो आंत्वानचं यंत्रावरचं काम दाखवतो. पुढे याच फ्रांस्वाज जिरूने एका मोठ्या साप्ताहिकाच्या स्थापनेत भाग घेतला आणि १९७४ मध्ये स्त्रियांच्या प्रश्नांसाठी नेमलेली फ्रान्सची पहिली राज्यमंत्री तीच झाली. मारामारीचा शेवट यामुळे माफ होतो असं नाही. पण बाईचा कामाचा दिवस असा दाखवता येणं, हे त्या काळच्या किती ‘गंभीर’ चित्रपटांना जमलं होतं?

लॉटरीवरचा आक्षेप डाव्या विचारांच्या मित्रांकडून येतो आणि तो ठाम असतो : जे पगारवाढीने, संघटनेने, घरबांधणीच्या धोरणाने सुटायला हवं ते नशिबाने सोडवलं, ही कामगारांची दिशाभूल नव्हे का? शेवट परीकथेचा आहे, हे मी मान्य करतो. पण लॉटरी काही पटकथाकारांनी आकाशातून आणलेली नाही. फ्रेंच सरकारने ती १९३३ मध्ये, मंदीच्या ऐन काळात सुरू केली. महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांचं निवृत्तिवेतन आणि शेतीवरच्या आपत्तींसाठी पैसा उभा करायचा होता. पहिल्याच सोडतीत तारास्कों गावच्या एका न्हाव्याला ५० लाख फ्रँक लागले आणि सगळ्या देशात त्याचं नाव झालं. चेहरे विद्रूप झालेल्या माजी सैनिकांची संघटना तिकिटाचे दहा तुकडे करून एकेक तुकडा विकायची. म्हणजे पगारात भागत नाही असं म्हणणाऱ्या माणसाला राज्याने अधिकृतपणे दाखवलेली वाट हीच होती. १९४७ मध्ये सरकारने ठरवलेलं किमान वेतन महिन्याला ७,००० फ्रँकच्या घरात होतं. त्या हिशेबाने ८ लाख म्हणजे नऊ वर्षांहून जास्त काळाची कमाई. एवढी रक्कम एका चिठोऱ्यावर अवलंबून ठेवली, तर ते चिठोरं हरवल्यावर माणसाचं काय होतं, हे चित्रपट पाहतो. आंत्वान घरी तोंड दाखवायला कचरतो, कारण आपण बायकोचं सगळं भविष्य हरवून बसलो असं त्याला वाटतं. लॉटरीची ही जाहिरात म्हणायची का?

आणि हवं काय असतं या दोघांना? मोटारसायकल. रविवारी शहराबाहेर पडता यावं म्हणून, कारण राहत्या घरात मोकळी जागाच नसते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रान्समध्ये घरं फार थोडी बांधली गेली, भाडी गोठवलेली होती, त्यात बॉम्बहल्ल्यांची भर पडली. १ फेब्रुवारी १९५४ ला आबे पिएर या धर्मगुरूने रेडिओवरून बेघरांसाठी हाक दिली, तेव्हा कुठे सगळा देश हलला. बेकेरने त्याआधी सात वर्षं ती जागेची अडचण दाखवून ठेवली होती : पातळ भिंती, जिन्यावरची ये-जा, शेजाऱ्यांचं आपल्या घरात आणि आपलं शेजाऱ्यांच्या घरात सतत डोकावणं. भाडे नियंत्रणाचा मुंबईचा कायदाही १९४७ चाच. गिरगाव-परळच्या चाळीत लग्नानंतरची पहिली वर्षं काढलेल्या कोणालाही विचारा, नवराबायकोला दोन वाक्यं खाजगीत बोलायला जागा नसणं हा ‘सामाजिक प्रश्न’ आहे की ‘प्रेमाचा’? ज्यांनी तो भोगला त्यांना असा भेद करता येणार नाही.

हा भेद समीक्षकांनीच केला असं नाही, संस्थांनीही केला. १९४७ च्या कान महोत्सवात बक्षिसं प्रकारवार वाटली गेली. ‘आंत्वान ए आंत्वानेत’ला मिळालं ते मानसशास्त्रीय आणि प्रेमविषयक चित्रपटाचं. सामाजिक चित्रपटाचं वेगळं बक्षीस होतं, ते ज्यूद्वेषावरच्या एका अमेरिकी चित्रपटाला गेलं. तो चित्रपटही चांगलाच आहे, पण प्रेम एका खणात आणि समाज दुसऱ्या खणात ठेवण्याची ही पद्धत पाहा. आज आपल्याकडचा वाद त्याच दोन खणांवर उभा आहे.

आपल्याकडे ही खणांची रचना पक्की झाली त्यामागे एक चांगलीच गोष्ट आहे. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि इटालियन दिग्दर्शक व्हिट्टोरिओ डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ आपल्या दिग्दर्शकांनी पाहिला. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. त्या महोत्सवाचं ऋण मोठं आहे. पण त्यातून एक समीकरणही रुजलं, की वास्तववाद म्हणजे हार, वास्तववाद म्हणजे शेवटी पाणावलेले डोळे. बेकेरचा चित्रपट डी सिकाच्या आधी एक वर्ष आला. दोन्हींत युद्धातून वर येणारं शहर आहे, दोन्हींत कामगार आहे, दोन्हींत एक हरवलेली वस्तू आणि तिच्यामागची वणवण आहे. रोमच्या बापाला सायकल सापडत नाही, पॅरिसच्या नवऱ्याला तिकीट सापडतं. डी सिकाचा शेवट जास्त खरा आहे, यात मला शंका नाही. पण तो शेवट बाजूला ठेवून मधला दीड तास पाहा. रोममध्ये आपण एका माणसाची एक भयंकर वेळ पाहतो. पॅरिसमध्ये पाहतो ती त्या वेळेच्या आधीची आणि नंतरची रोजची राहणी : मेट्रोतली गर्दी, दुकानातल्या मुली, पगाराचा हिशेब, रुसवा, समेट. कामगाराला फक्त संकटात असतानाच पडद्यावर जागा मिळणार असेल, तर त्याच्या आनंदाला मोल नाही असंच आपण म्हणतो आहोत ना?

‘डोकं बाजूला ठेवा’ म्हणणाऱ्यांनाही थोडं सांगायचं आहे. हा चित्रपट सहज वाटतो, पण त्या सहजतेमागे प्रचंड कष्ट आहेत. दीड तासापेक्षा कमी लांबीत हजाराहून जास्त शॉट आहेत. त्या काळच्या ऐसपैस, रेंगाळणाऱ्या फ्रेंच चित्रपटांच्या मानाने ही गती वेगळीच होती. संकलन मार्गरीत रेन्वारचं. तिने आधी तीसच्या दशकात ज्याँ रेन्वार या दिग्दर्शकाचे चित्रपट संकलित केले होते, आणि बेकेर त्याच ज्याँ रेन्वारचा साहाय्यक होता. छोट्या छोट्या तुकड्यांमुळे काय होतं, तर कोणतीही हालचाल वाया जात नाही. हात, नजर, मागून जाणारा गिऱ्हाईक, दारात थबकलेला शेजारी, सगळ्यांना आपापला क्षण मिळतो. नायक-नायिका वस्तीपासून वेगळे काढून दाखवलेच जात नाहीत. पुढे दिग्दर्शक झालेल्या, तेव्हा समीक्षक असलेल्या फ्रान्स्वा त्रुफोने जानेवारी १९५४ मध्ये फ्रेंच चित्रपटसृष्टीच्या प्रतिष्ठित, साहित्यिक चित्रपटांवर जो जळजळीत लेख लिहिला, त्यात अपवाद म्हणून घेतलेल्या मोजक्या नावांत बेकेर होता. त्या प्रतिष्ठित चित्रपटांचे विषय भारदस्त असत. भारदस्त विषयाने चित्रपट भारदस्त होत नाही, हे तेव्हाच्या पंचविशीतही न पोहोचलेल्या पोराला दिसलं होतं.

याचा अर्थ प्रत्येक प्रेमपट असाच असतो असं मुळीच नाही. बेकेरचंच उदाहरण घ्या. त्याने पुढे जोडप्यांवर आणखी दोन विनोदी चित्रपट केले. १९५१ च्या ‘एदुआर ए कारोलीन’मध्ये गरीब पियानोवादक आणि त्याची चांगल्या घरातली बायको श्रीमंत काकांकडच्या एका संध्याकाळसाठी तयार होतात, एका ड्रेसवरून भांडण पेटतं आणि वर्गभेद अंगावर काटा यावा इतका स्वच्छ दिसतो. १९५३ च्या ‘र्यू द लेस्त्रापाद’मध्ये मात्र सुखवस्तू बायको मोटार शर्यतीतल्या नवऱ्यावर रागावून घर सोडते आणि साध्या वस्तीत खोली घेऊन राहते. चित्रपट देखणा आहे, नटनट्या उत्तम आहेत. पण ती खोली म्हणजे तिच्यासाठी चार दिवसांचा पालट आहे. भाडं थकलं तर काय, हा प्रश्न तिला रात्री जागं ठेवत नाही, आणि म्हणून प्रेक्षकालाही ठेवत नाही. त्या चित्रपटाला कोणी पळवाट म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण तिन्ही चित्रपट प्रेमाचे, तिन्ही विनोदी, तिन्ही एकाच माणसाचे. एकाच्या बाबतीत आरोप लागू पडतो आणि दोघांच्या बाबतीत पडत नाही, हे ‘प्रेमपट’ एवढ्या एका शब्दावरून कोणाला कसं कळणार? त्यासाठी चित्रपट पाहावा लागतो, आणि दोन्ही बाजूंचे वादपटू नेमकं तेवढंच टाळतात.